तारेच्या तोंडाला कुंकू

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. ती कशी करायची याचा वडिलांनी घालून दिलेला एक दंडक आहे: कुंकू धारेला लावायचं, मुठीला नाही. कोयत्याच्या पात्याला, कुऱ्हाडीच्या तोंडाला, पेरणीच्या पाभरीच्या फणांना. "मूठ मानसाची, काम धार करती," असं ते म्हणायचे. वडील गेले, पाभर मोडीत गेली, मी शाळेत कारकून झालो, पण दंडक राहिला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच दंडकाला धरून मी घरच्या कॉम्प्युटरच्या तारेला कुंकू लावलं आणि माझ्या बायकोची नोकरी गेली. म्हणजे मिळायच्या आधीच गेली. दोष कुंकवाचा म्हणणं सोपं आहे. मीही बरीच वर्षं तेवढंसुद्धा म्हटलं नाही.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पोटात. त्या वेळी मोबाईलला रेंज हवी असली की देवळामागच्या टेकाडावर चढावं लागायचं, आणि तिथंही नुसतं बोलणं व्हायचं, नेट चालायचं नाही. टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट गावात एकाच घरात होतं, माझ्या. शाळेतसुद्धा नव्हतं. शाळेची ऑनलाइन कामं मी घरी आणून करायचो. त्यामुळे दाखला, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, ज्याला जे भरायचं तो संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मी ते सगळं फुकट करायचो आणि त्याची फुशारकी मात्र पुरेपूर वसूल करायचो. कॉम्प्युटर बिघडला तर मीच तो उघडायचो. शाळेतल्या सरांना मी ऐटीत सांगायचो की पाठीमागचा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर तार ठीक, दिवा विझला तर दोष तारेत नाहीतर तिच्या खाचेत, उगाच बाकीचं काही उकरू नका. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

बायको ऊसतोड करणाऱ्या घरातली. तिचे आईवडील दसरा झाला की बिऱ्हाड ट्रकवर टाकून कारखान्याच्या पट्ट्यात जायचे, कधी राहात्याकडे, कधी आणखी लांब. चौथीपर्यंत तीही बरोबर जायची, म्हणजे तिची शाळा दिवाळीआधी बंद पडायची आणि उन्हाळ्यात पुन्हा सुरू व्हायची. पाचवीपासून ती मामीकडे राहिली. मामीच्या घरची धुणीभांडी करत बारावी झाली आणि लग्नानंतर, माझ्या संसारातून उरलेल्या वेळात, बाहेरून बी.ए. झाली. मी तिला शिकवलं असं मी लोकांना सांगायचो. खरं तर मी फक्त फॉर्म भरून दिले होते.

मग एका वर्षी जाहिरात निघाली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी तालुक्याला वसतिगृह होणार होतं आणि त्यासाठी गृहपाल बाई पाहिजे होती. अर्ज ऑनलाइन, आधी परीक्षा, मग मुलाखत. तिनं ती जाहिरात वर्तमानपत्रातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती, पुढच्या वर्षी बसली नसती. नोकरीचा विषय ती कधी काढत नसे, पण या एका जागेविषयी ती भाकरी थापता थापता बोलायची. "मला त्या पोरींचं समदं ठाव हाय. आईबाप गेल्यावर पयल्या आठ दिसांत कोन जेवत न्हाई, कोन न्हाणीत जाऊन रडतंय. बाहेरच्या बाईला कसं कळायचं ते?" मी हूं म्हणायचो. मलाही ते पटत होतं, खोटं कशाला बोलू.

अर्ज लगेच भरता आला नाही, कारण तहसीलमधून एक दाखला यायचा होता. तो नवरात्रात आला. ती म्हणाली, "आजच भरून टाकू." मी म्हणालो, "खंडेनवमी तोंडावर आलीय. यंत्राची पूजा होऊ दे, मग दसऱ्यानंतर शांतपणे भरू. अजून मुदत आहे." मुदत होतीच. तिनं तोवर सगळे कागद स्कॅन करून ठेवले होते. स्कॅनर कसा चालवायचा हे ती मला न विचारता शिकली होती. फोटो, सही, एकेक दाखला लागतो तेवढ्याच आकाराचा करून तिनं आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये लावून ठेवला होता. या कामाला तिला महिनाभर लागला होता.

खंडेनवमीला मी पाट मांडला. माझ्या वडिलांची कुऱ्हाड, तिच्या आईचा कोयता, विळी, माझी स्कूटर बाहेर दारात, आणि टेबलावर कॉम्प्युटर. दरवर्षी मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुंकवाचं बोट टेकवायचो. त्या वर्षी मला वडिलांचा दंडक आठवला. पडदा ही तर मूठ झाली. या यंत्राची धार कुठली? विचार करता करता मला फार हुशारीचं सुचलं: जगातलं सगळं ज्या तोंडातून आत येतं, ती नेटची तार. मी ती पाठीमागून उपसली, टोकाच्या त्या सोनेरी पट्ट्यांना ओल्या कुंकवाचं बोट लावलं, वर अक्षता टाकल्या आणि हात जोडून तार पुन्हा खाचेत खुपसली. स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "तारंला ओलं लावत असत्यात व्हय?" मी हसून दुर्लक्ष केलं.

दसऱ्याला सोनं द्यायला-घ्यायला माणसं येत-जात राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अर्ज भरायला बसलो तर पडद्याच्या कोपऱ्यात नेटच्या चित्रावर तांबडी फुली. मुदतीचे सहा दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी मी हसतच कामाला लागलो. तार काढून घातली, मोडेम बंद करून चालू केला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. फुली कधी जायची, तिच्या जागी पिवळा त्रिकोण यायचा, हिरवा दिवा एखाद-दोनदा लुकलुकायचा आणि पुन्हा विझायचा. तो धड मेला असता तर बरं झालं असतं. मधूनमधून लुकलुकायचा म्हणून मला वाटलं तार आणि खाच ठीकच आहेत, भानगड आत कुठेतरी सेटिंगमध्ये आहे. खणातून नवी कोरी तार काढून लावली, तरी तेच. मग तर माझी खात्रीच झाली. ती खाच ज्या नेटवर्क कार्डावर असते, त्याच्या माहितीत कॉम्प्युटर स्पष्ट लिहून दाखवत होता की हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे.

दुपारी दोघे जण दाखल्याच्या कामाला येऊन बसले होते. मी टेबलाखाली वाकून घाम पुसत होतो. बायको आतून आली, काढून टाकलेली जुनी तार तिनं उचलून बघितली, मग कॉम्प्युटरच्या पाठीमागे डोकावली. तिच्या हातात देव्हाऱ्यातली कापसाची वात होती. ती कशाला आणली हे मी विचारलंही नाही.

"अहो, तारंच्या तोंडाला कुंकू हाय," ती म्हणाली. "आतबी लाल दिसतंय. त्यानंच तर न्हाई?"

गावातली माणसं बघत होती. ज्याच्याकडे सगळा गाव विचारायला येतो त्याला त्याची बायको यंत्रातलं शिकवत होती. मी म्हणालो, "देवाच्या कुंकवानं नेट बंद पडतं व्हय? फरशी पुसताना वायरीला हिसका तूच दिला असशील. हात लावू नकोस कशाला." दोघे हसले. तिनं वात मुठीत घेतली आणि ती आत गेली.

यंत्र म्हणत होतं मी ठीक आहे, आणि बायको म्हणत होती आत लाल दिसतंय. मी यंत्रावर विश्वास ठेवला. त्यानंतर तिनं त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

पुढचे तीन दिवस मी जे जे केलं ते आठवलं तरी लाज वाटते. कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. नेटच्या पत्त्याचे आकडे बदलले, परत होते तसे केले. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून कॉम्प्युटरला स्वतःलाच हाक मारायला लावलं, तर त्यानं ताबडतोब ओ दिली. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम काढून टाकला. टेकाडावर चढून तक्रारीच्या नंबरला फोन लावला. तिसऱ्या दिवशी लाइनमन आला, त्यानं आपलं यंत्र मोडेमला जोडलं आणि म्हणाला, "हितवर नेट हाय साहेब. फुडचं तुमचं." मी त्यालाच दोन गोष्टी सुनावल्या. खरं तर त्यानं माझंच वाक्य मला ऐकवलं होतं: दोष मोडेमच्या पुढे, म्हणजे तारेत नाहीतर खाचेत. नवी तार तर लावून झाली होती. उरली काय ती खाच. शाळेतल्या पोरालाही हिशेब जमला असता. पण त्या खाचेचं नाव बायकोनं आधी घेतलं होतं, म्हणून माझी नजर तिकडे वळत नव्हती. इतका साधा प्रकार होता तो.

मधल्या एका सकाळी ती तयार होऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत दाखल्यांची फाईल. "मी पाथर्डीला जाऊन येते. तिथल्या सेंटरवर भरते."

"घरात कॉम्प्युटर असताना सेंटरवर?" मी म्हणालो. "सगळा तालुका तिथं ओळखीचा आहे. उद्या गावात म्हणतील, ह्याच्याकडे आपण फॉर्म भरतो आणि ह्याची बायको लायनीत उभी राहती. आज होतंय बघ. आज नक्की होतंय."

ती पिशवी खुंटीला अडकवून चुलीकडे गेली. तेव्हा मुदतीचे तीन दिवस होते आणि एस.टी. अर्ध्या तासात येणार होती. आजही ती एस.टी. गावात येते तेव्हा मला ती पिशवी आठवते.

पाचव्या दिवशी मी शेवटचा उपाय काढला. विंडोज कोरं करून नव्यानं टाकायचं ठरवलं. शाळेचं सगळं सीडीवर उतरवून घेतलं, गावाचे फॉर्म उतरवून घेतले, आणि बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी पुढे सरकायला लागल्यावर मला तिच्या फोल्डरची आठवण झाली. सगळ्या गावाचं जपून ठेवलं, घरचं तेवढं विसरलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. मी पट्टीकडे बघत बसलो. ती मागे उभी होती, हे मला ती बोलल्यावर कळलं. "माझं फोल्डर हाय ना त्यात?" तिनं विचारलं. मी मान खाली घातली. नवं विंडोज टाकून झालं, आणि कोपऱ्यात तांबडी फुली जशीच्या तशी आली.

शेवटच्या दिवशी ती मला न विचारता निघाली. नेमका ऊसतोडीच्या टोळ्या जाण्याचा दिवस होता. गावातल्या सगळ्या जीपा मजुरांची बिऱ्हाडं सोडायला लागल्या होत्या. ट्रकवर भांडी, कोंबड्या, लाकडं, वर बायापोरं. सकाळची एस.टी. ती जायच्या आत निघून गेली होती. फाट्यापर्यंत ती एका टोळीच्या ट्रकमध्येच बसून गेली, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. लहानपणी जशी जायची तशीच. सेंटरवर पोचली तेव्हा दुपार झाली होती. शेवटचा दिवस म्हणून दारापर्यंत माणसं होती. तिचा नंबर आला, सगळे कागद पुन्हा स्कॅन झाले, अर्जाची चार पानं भरली, आणि फी भरायच्या पानावर चाक गरगरत राहिलं ते मुदत संपेपर्यंत.

ती दिवेलागणीला परत आली. मी ओट्यावर होतो. "झालं का?" मी विचारलं. "न्हाई झालं," ती म्हणाली, आणि पाय धुऊन कणीक मळायला बसली. तिनं आदळआपट केली असती, मला दोन शब्द सुनावले असते, तर मला सोपं गेलं असतं. कपाटाच्या दारावरचं कात्रण तिनं कधी काढलं ते मी बघितलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे राहिले होते.

दिवाळीनंतर मी नगरहून नवं कार्ड आणलं. जुनं काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं. तारेच्या खाचेत आत कुंकवाची पुटं वाळून बसली होती. पट्ट्या काळवंडल्या होत्या, आणि एका कडेला अर्धा अक्षतेचा दाणा अडकला होता. नवीन तारेच्या टोकालाही आतलं लाल लागलं होतं.

"काय निघालं?" तिनं आतून विचारलं.

आणि मी म्हणालो, "कार्ड जळालं होतं. मागं वीज कडाडली ना, तेव्हाच गेलं असणार."

"बरं," ती म्हणाली.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त लाज वाटते ती या वाक्याची. कुंकू अजाणता लावलं, हट्ट स्वभावातून झाला, फोल्डर गडबडीत गेलं. पण हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर, शांतपणे बोललो. ते कार्ड फेकायचा मात्र मला धीर झाला नाही. स्क्रू ठेवायच्या बिस्किटाच्या डब्यात तळाशी टाकून डबा माळ्यावर ठेवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गावात टॉवर आला, नेट प्रत्येकाच्या खिशात आलं, माझा ओटा ओस पडला. तालुक्याला वसतिगृह झालं. पाथर्डीत शिरताना एस.टी.तून त्याची इमारत दिसते, गच्चीवर पोरींचे गणवेश वाळत असतात. मी काहीतरी निमित्त काढून दुसरीकडे बघतो, ती मात्र खिडकीतून मान वळवून शेवटपर्यंत बघते. दसऱ्याच्या आधी टोळीवर जाणाऱ्या बाया पोरींचा वसतिगृहाचा अर्ज घेऊन आमच्याकडे येतात. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. कॉम्प्युटरपुढे आता ती बसते. अर्ज भरून झाला की पोरीला जवळ घेऊन सांगते, पहिले आठ दिवस जड जातात, मग जात नाहीत. एकदा एका बाईनं विचारलं, "वहिनी, तुमीच का न्हाई झाल्या तिथल्या म्याडम?" ती म्हणाली, "वय निघून गेलं." मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. पान उलटायचं मला सुचलं नाही.

यंदा घट बसायच्या आधी तिनं माळा आवरायला काढला. डबा खाली आला. खंडेनवमीला मी अंघोळ करून आलो तर पाटावर नेहमीची मांडणी होती: कुऱ्हाड, विळी, तिच्या आईचा कोयता. आणि कोयत्याशेजारी ते कार्ड. खाचेतलं लाल आता तपकिरी पडलं होतं.

"डब्यात घावलं," ती म्हणाली. "तुमचंच हाय म्हणून ठिवलं."

मी पाटासमोर बसलो. पूजेचं ताट तिच्या हातात होतं. इतक्या वर्षांत मनात किती वेळा जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एक आलं नाही. मी म्हणालो, "हे जळालं नव्हतं. वीजबीज काही नव्हती. कुंकवानं बंद पडलं होतं, आणि ते मी लावलेलं."

"व्हय," ती म्हणाली. "ठाव हाय मला. तारंचं टोक मी त्याच दिशी कापसानं पुसलं, ते लाल निघालं. आतलं पुसाया वात आनल्ती. तुमी हात लावू नको म्हनले."

माझ्या डोळ्यांपुढे ती मुठीत वात घेऊन आत जाताना दिसली. दोन मिनिटांचं काम होतं ते. नोकरी त्या वातीच्या टोकावर होती. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

ती कोयत्याची धार फडक्यानं पुसत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, मला वाटतं थोडं नवल होतं.

"बोलले हुते की," ती म्हणाली. मग तिनं आईच्या कोयत्याला कुंकू लावलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.